गणिताच्या तासाला टाळी, परिसर अभ्यासाला पेन्सिल: नवीन शिक्षकांसाठी

नवीन नेमणूक झाली की पहिल्या वर्षीच केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत 'कलासमेकित अध्ययन' हा शब्द कानावर पडतो. म्हणजे कलेच्या आधाराने इतर विषय शिकणं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तो आहे, त्याआधी २०१९ मध्ये सुरू झालेल्या शिक्षकांच्या 'निष्ठा' प्रशिक्षणातही त्यावर वेगळा घटक होता. परिषदेहून परतल्यावर बहुतेक जण एकच करतात. पाठ नेहमीसारखा शिकवायचा आणि शेवटच्या दहा मिनिटांत "आता याचं चित्र काढा" म्हणायचं. मुलं खूश, फोटो छान येतो, ग्रुपवर अंगठे पडतात. पण चित्र काढण्याआधी मुलाला जेवढं कळलं होतं तेवढंच चित्र काढल्यानंतरही कळलेलं असतं.

ती दहा मिनिटं शेवटून उचलून पाठाच्या मधोमध कशी आणायची, एवढाच या लेखाचा विषय. पहिली ते पाचवीला शिकवणाऱ्यांसाठी, त्यातही जिथे कलाशिक्षक नसतो अशा छोट्या शाळांतल्या शिक्षकांसाठी तो लिहिला आहे. तुमचा गळा गोड नसला, चित्रातली गाय बकरीसारखी दिसत असली तरी चालेल. पाठात कला मुलांनी करायची असते, तुम्ही नव्हे.

कामाचं सूत्र एकच आहे. प्रत्येक कलेला स्वतःचे नियम असतात. तालात मात्रा मोजाव्याच लागतात. ठिपक्यांच्या रांगोळीत एक ठिपका सरकला की पुढची सगळी नक्षी बिघडते. नाटकात दुसऱ्याच्या जागी उभं राहावं लागतं. ज्या पाठात कलेचा हा नियम आणि शिकवायची संकल्पना एकाच जागी येऊन पडतात, तिथे मुलाला संकल्पना टाळून कला करताच येत नाही. पाठ खोल जातो तो तिथे. बाकी ठिकाणी कला म्हणजे पाठाला लावलेलं तोरण.

तोरण आहे की नाही हे ओळखायला स्वतःला एक प्रश्न विचारा: यातून कला काढून टाकली तर पाठाचं काय बिघडेल? काहीच बिघडत नसेल तर तो वेळ सरावाला द्या. बेरजेची उत्तरं काढून त्याप्रमाणे पोपट रंगवायची कार्यपत्रिका हा तोरणाचा उत्तम नमुना. त्यात बेरीज वेगळी आणि पोपट वेगळा. अमेरिकेतल्या लिओरा ब्रेस्लर या अभ्यासक बाईंनी १९९५ मध्ये शाळांमधल्या कलासमावेशाचे चार प्रकार मांडले होते. त्यांतला पहिला प्रकार म्हणजे कला दुसऱ्या विषयाची चाकरी करते तो, आणि शाळांत तोच सर्रास आढळतो असं त्यांचं निरीक्षण होतं. आपल्याकडची परिस्थिती काही वेगळी आहे असं मला वाटत नाही.

आधी अडलेली जागा शोधा

पुस्तकातला सगळ्यात रंगीत पाठ निवडू नका. सण-उत्सवांचा पाठ कलेला सोयीचा वाटतो, पण तिथे मुलं अडतच नाहीत. गेल्या चाचणीच्या उत्तरपत्रिका काढा आणि अर्धा वर्ग कुठे घसरला ते बघा. सहसा या जागा निघतात: आठचा पाढा घडाघडा येतो, पण ४८ मध्ये आठ किती वेळा हे सांगता येत नाही. एक चतुर्थांशपेक्षा एक अष्टमांश मोठा वाटतो, कारण चारापेक्षा आठ मोठे. नकाशात उत्तर दिशा म्हणजे 'वर'. गोष्ट सांगताना 'मग... मग... आणि मग'. इतिहासात सन पाठ असतं, कारण विचारलं की गप्प.

यांतली एका वेळी एकच जागा घ्या. पहिल्या सत्रात पाच-सहा जागा घेतल्या तर सगळ्याच अर्ध्या राहतात.

मग विचारा, याच जागेचा नियम कोणत्या कलेत आहे? पाढे, विभाज्य, अपूर्णांक यांचं घर तालात आहे. सममिती आणि संख्यांची मांडणी रांगोळीत. क्रम लावून सांगणं चित्रकथेत. बारकाईने पाहणं पेन्सिलीत. 'त्याने असं का केलं असेल' हे नाटकात. नकाशासाठी अंगणात चुन्याने मोठं गाव आखा, पण खऱ्या दिशांना धरून, आणि मुलांना त्यात उभं करा. 'उत्तर म्हणजे मारुतीच्या देवळाकडे' हे पायांना कळलं की मगच तो नकाशा कागदावर आणि कागदावरून भिंतीवर न्या. भिंतीवरून सुरुवात केली की 'वर' चिकटतं ते सहावीपर्यंत सुटत नाही.

एक पाठ सविस्तर: सहा आणि आठ

हा चौथी-पाचवीचा पाठ, दोन तासिका जोडून. एका गटाला चमचा-ताटली, दुसऱ्याला नारळाच्या करवंट्या किंवा लाकडी ठोकळे. तुमच्याकडे ढोलकी असली तर उत्तम, नाहीतर डस्टर आणि टेबल. फळ्यावर १ ते ४८ आकडे आधीच लिहून ठेवा आणि दोन रंगांचे खडू काढून ठेवा.

सुरुवातीला आकड्यांचं नावही काढू नका. तुम्ही ठोका द्या आणि सगळ्यांनी त्यावर फक्त टाळी द्यायची. वेग घड्याळाच्या सेकंदकाट्याएवढा, त्याहून जलद नको. मुलं पळणार हे नक्की. लय धावली की थांबा, पुन्हा सुरू करा. इथे घाई केलीत तर पुढचं काहीच जमणार नाही, म्हणून पहिली दहा मिनिटं यातच गेली तरी जाऊ द्या.

मग सगळ्यांना सहाचं चक्र द्या: पाच ठोके मांडीवर, सहावा टाळीचा. ते बसलं की आठचं: सात मांडीवर, आठवा टाळीचा. मोठ्याने मोजत करायचं, नंतर मनात मोजत.

आता वर्गाचे दोन गट. ताटलीवाले सहाच्या चक्रात, करवंटीवाले आठच्या, ठोका एकच. दोन मुलं फळ्यापाशी उभी. ताटली वाजली की एकाने त्या आकड्याला पिवळा गोल करायचा, करवंटी वाजली की दुसऱ्याने लाल. ६, ८, १२, १६, १८ असं जात जात २४ ला ताटली आणि करवंटी एकदम वाजतात. वर्गात गलका होतो. तो होऊ द्या.

आणि लगेच समजावायला जाऊ नका. फक्त विचारा, "आता पुन्हा कधी?" कुणी ३०, कुणी ३४, कुणी ३६ म्हणतं. अंदाज वहीत लिहायला लावा, मग वाजवून बघा. ४८ ला पुन्हा भेट होते. पुढे तीन आणि पाच: आधी अंदाज, मग वाजवणं. १५ ला भेटतात, आणि कुणीतरी हुशारीने सांगतं, "बाई, गुणाकार करायचा!" छान. आता चार आणि सहा द्या. गुणाकाराप्रमाणे २४ यायला हवेत, पण भेट १२ लाच होते. चार आणि आठ दिले तर आठवाल्यांची प्रत्येक टाळी जोडटाळीच निघते. इथे मुलं आपसात भांडतात. त्या भांडणासाठीच हा सगळा खटाटोप आहे. नियम कधी चालतो आणि कधी मोडतो हे त्यांनी एकमेकांना पटवायचं. लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) हा शब्द पुढच्या इयत्तांत येईल तेव्हा येऊ द्या.

गावातल्या भजनी मंडळातले तबलजी किंवा पखवाजवाले बुवा हे बघायला आले तर म्हणतील की सम, म्हणजे तालाच्या चक्राचा मुख्य ठोका, पहिल्या मात्रेवर असते, शेवटच्या नाही. त्यांचं बरोबर आहे. दादरा हा ताल सहा मात्रांचा, केरवा आठ मात्रांचा. दोन्ही एकदम सुरू केले तर दादऱ्याची सम १, ७, १३, १९, २५ वर येते आणि केरव्याची १, ९, १७, २५ वर, म्हणजे भेट २५ व्या मात्रेवर. सुरुवातीला शेवटच्या मात्रेवर टाळी ठेवली की आकडे सरळ पाढ्यातले मिळतात, म्हणून वर तसं सांगितलं. पण पाचवीच्या मुलांना बुवांची पद्धतही दाखवा आणि २४ की २५ हा घोळ त्यांनाच सोडवू द्या. ठिकाणं मोजायची की मधली अंतरं, हाच प्रश्न त्यांना पुढे कुंपणाचे खांब आणि रांगेतली झाडं यांच्या उदाहरणांत छळतो.

वर्गात ऐकू न येणारं मूल असेल तर त्याला बाकावर तळहात ठेवून बसवा. लाकडातून ठोका हाताला कळतो. बहुवर्ग शाळेत तर उलट सोयच आहे: दुसरीची मुलं ठोका धरतात, चौथीची चक्रं मोजतात.

रांगोळीचं थोडक्यात

'सात ते चार' ठिपक्यांची रांगोळी घ्या: ओळींत ४, ५, ६, ७, ६, ५, ४ ठिपके, पुढच्या ओळीचा ठिपका मागच्या दोहोंच्या मधे. एकूण ठिपके किती, एकेक न मोजता सांगा. उत्तर ३७. कुणी ४+५+६ ची दुप्पट करून त्यात सात मिळवतं, कुणी ४ आणि ६ ची जोडी लावून दहा-दहा करतं. सगळ्या रीती फळ्यावर मांडा. मग रांगोळी काढा आणि आरसा उभा धरून बघा. किती प्रकारे अर्धी करता येते? चौकोनी ठिपक्यांत, म्हणजे पाच बाय पाचमध्ये, आरसा चार जागी बसतो. या षटकोनी मांडणीत सहा जागी. अर्थात नक्षीही तशीच समतोल काढली असेल तर. चिमटीतून रेघ एकसारखी सुटणं ही यातली कलेची बाजू, आणि तिचीही तितकीच तालीम घ्या.

डोंगरामागचा सूर्य

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत "निसर्गचित्र काढा" म्हणा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, एक झोपडी, आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. शहरातली मुलंही हेच काढतात. हे चित्र पाहून काढलेलं नसतं, एकाने दुसऱ्याचं पाहून काढलेलं असतं. विज्ञानाच्या आकृत्याही अशाच पाठ होतात: फूल म्हणजे मधे गोल आणि भोवती पाच-सहा गोल.

ही सवय मोडायला पेन्सिलीसारखं साधन नाही. चौथी-पाचवीला घेऊन शाळेच्या मागे जा, जिथून क्षितिज दिसतं तिथे. पाच मिनिटं पेन्सिल खिशात. फक्त बघायचं आणि हवेत बोटाने डोंगराची कड गिरवायची. मग कागदावर फक्त ती कड काढायची, दुसरं काही नाही. देशावर किंवा सह्याद्रीच्या आसपास शाळा असेल तर बऱ्याच मुलांच्या लक्षात येतं की डोंगराला टोकच नाही. माथा सपाट आहे आणि उतारावर पायऱ्या आहेत. "असं का?" हा प्रश्न मुलांकडून येतो, आणि मग लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ही गोष्ट सांगायला तुम्हाला ऐकणारे कान मिळतात. आधी सांगितली असती तर ती एका वाक्याचं उत्तर होऊन बसली असती. कोकणात किंवा विदर्भाच्या सपाटीवर दृश्य वेगळं असेल. तिथलं काढा, त्यातला प्रश्न शोधा.

हेच जास्वंदीचं. एकेरी फूल प्रत्येक दोघांत एक. आधी पाकळ्या मोजा: पाच. त्या एकमेकींवर कशा चढल्या आहेत? मधल्या दांड्याच्या टोकाला किती ठिपके आहेत? तेही पाच. चित्र तळहाताएवढं मोठं काढायचं, खोडरबर वापरायचं नाही, चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी काढायची. फुलाच्या भागांची नावं सगळ्यात शेवटी. नावं आधी दिली की मुलं फूल बघायचं सोडून नावं शोधत बसतात.

'छान' हा शब्द या तासाला वर्ज्य करा. त्याऐवजी म्हणा, "ही पाकळी इथे कुठून निघाली ते दाखव." मूल पुन्हा फुलाकडे बघेल.

स्टॅच्यू

नाटक म्हटलं की संवाद, पाठांतर, टोपी-धोतर आणि स्नेहसंमेलन आठवतं. वर्गातल्या नाटकाला यातलं काही लागत नाही. मुलं 'स्टॅच्यू' खेळतातच, तेवढं पुरे. एखादा क्षण पुतळ्यांत उभा करायचा, आणि तुम्ही ज्याच्या खांद्याला हात लावाल त्याने त्या माणसाच्या मनातलं एक वाक्य बोलायचं.

चौथीच्या इतिहासात पुरंदरचा तह येतो, १६६५ चा. २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, १२ राहिले, एवढं मुलं लिहितात. त्याऐवजी मैदानात ३५ दगड मांडा, प्रत्येक दगड एक किल्ला. त्यातले २३ मुलांनीच उचलून पलीकडे न्यायचे. दगड कमी होत जाताना दिसतात तेव्हा आकड्याला वजन येतं. मग पुतळे: महाराज, मिर्झाराजे जयसिंह, दिलेल्या किल्ल्यावरचा एक मावळा, पायथ्याच्या गावातली एक बाई. मावळ्याच्या खांद्याला हात लावला की तो चिडून बोलतो. महाराजांच्या खांद्याला हात लावला की वर्ग शांत होतो, कारण त्या मुलाला 'का दिले' याचं कारण स्वतः शोधावं लागतं. वाक्य पुस्तकातलं नको, स्वतःचं हवं. आणि पुतळे बदलत राहा. महाराज दरवेळी उंच, गोऱ्या मुलानेच व्हायचं असं काही नाही, मुलीनेही व्हावं.

गावातल्या पाण्याच्या पाठाला हीच पद्धत चालते. विहिरीचा मालक, टँकरवाला, रांगेतली मुलगी, सरपंच. भूमिकेतून बोलताना मुलांच्या तोंडी घरातली वाक्यं येतात. काही वाक्यं बोचरी असतील, ती चार भिंतींतच ठेवा. त्याचा व्हिडिओ काढून पालकांच्या ग्रुपवर टाकायचा नाही.

गोष्टीचा क्रम

सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. एका कथेच्या चित्रांचा संच, त्याला पोथी म्हणतात. एकेक चित्र समोर धरून गात-बोलत कथा पुढे न्यायची. ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. वर्गासाठी यातलं घ्यायचं ते एवढंच: चित्र बदलतं तेव्हा कथेत काहीतरी बदललं पाहिजे. मुलांना एका गोष्टीची सहाच चित्रं काढायला सांगा, सात नाही. कोणता प्रसंग ठेवायचा आणि कोणता गाळायचा हे ठरवतानाच 'मग... आणि मग' गळून पडतं. चित्रं धरून आधी सांगायचं, मग लिहायचं. लिहिताना एका चित्राला एक परिच्छेद.

आषाढीच्या आसपास आणखी एक सोपी गोष्ट करता येते. दिंडीत म्हटला जाणारा अभंग अक्षरं मोजत म्हणा: सुंदर ते ध्यान, सहा. उभे विटेवरी, सहा. कर कटावरी, सहा. ठेवोनिया, चार. जोडाक्षर एकच अक्षर धरायचं हे 'ध्या'पाशी मुलांना कळतं. मग याच मापात शाळेबद्दल चार चरण रचायला सांगा. तिसरीच्या मुलांनाही जमतं.

साहित्य, आणि आदल्या संध्याकाळचा अर्धा तास

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षण केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी परिसरात मिळेल त्यातून शैक्षणिक साधनं केली: बिया, शंख, दगड, पानं. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. गेरू, चुना, खडू, कोळसा, जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू, बारदान, करवंट्या. थर्माकोल आणि चमकी आणू नका. ती शाळेच्या मागे वर्षानुवर्षं पडून राहते.

आदल्या संध्याकाळी पाठातली कृती स्वतः एकदा पूर्ण करा. सहा आणि आठ एकट्याने वाजवून बघा, फूल काढून बघा. कुठे हात अडतो ते कळलं की मुलांना कुठे वेळ द्यायचा ते कळतं. टाचणात त्या जागेपुढे खूण करा.

गोंगाटाची भीती सगळ्यांना असते. थांबायची खूण आधी ठरवा, शब्दाची नको, आवाजाची किंवा हाताची. शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना सकाळी परिपाठानंतर सांगून ठेवा की तिसऱ्या तासिकेला आवाज होईल. एवढ्याने निम्मी कुरबुर टळते.

वहीपर्यंत आणल्याशिवाय पाठ संपत नाही

नवीन शिक्षकांकडून सगळ्यात जास्त सुटतं ते इथे. कृती रंगते, घंटा होते, मुलं पळतात. टाळी आणि विभाज्य यांचा सांधा मुलाच्या डोक्यात आपोआप बसत नाही. म्हणून शेवटची पंधरा मिनिटं कृतीतून काढून ठेवा आणि तीन गोष्टी करा: काय दिसलं किंवा ऐकू आलं ते मुलांनी सांगायचं, ते आकड्यांत किंवा वाक्यांत लिहायचं, आणि वाद्य किंवा चित्र न वापरता त्याच संकल्पनेचं एक साधं, कोरडं उदाहरण सोडवायचं. त्या उदाहरणात मूल अडलं आणि त्याची बोटं आपोआप बाकावर ठोका धरू लागली, तर पाठ लागू पडला असं समजा.

आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदवहीत दोन ओळी लिहा, एक विषयाची आणि एक कलेची. 'सहा व आठचे सामाईक विभाज्य वाजवून व यादी करून सांगते' ही पहिली. 'दुसऱ्या गटाचा आवाज ऐकू येत असतानाही स्वतःचं चक्र टिकवते' ही दुसरी. 'सुंदर चित्र काढतो' या नोंदीतून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काहीही कळत नाही. आणि या पाठांच्या नावाखाली कलेची स्वतंत्र तासिका गणिताच्या सरावाला देऊ नका. मुलांना काहीही न शिकता नुसतं गाण्याचा हक्क आहे.

कोणाची कला, कोणाच्या हाती

सगळ्या महाराष्ट्रभर शाळांच्या भिंतींवर वारली आहे, लातूर-सोलापूरपर्यंत. वारली चित्र तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने, गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर काढलं जातं. त्यातला चौक, म्हणजे देवीभोवतीची चौकट, हा लग्नाचा, सवाशिणींनी काढायचा, पालघट देवीचा. तो वहीची किनार म्हणून वापरायची गोष्ट नाही. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. डहाणू-तलासरीकडे शाळा असेल तर वर्गातल्या मुलांच्या आज्या तुमच्यापेक्षा जास्त जाणतात, त्यांना बोलवा. इतर ठिकाणी आधी आपल्या गावात काय आहे ते शोधा: गोंधळ, भारूड, हलगी, लेझीम, गोधडी, जात्यावरच्या ओव्या. बाहेरच्या कलावंताला बोलावलं तर शाल-श्रीफळावर भागवू नका, मानधन द्या. त्यांचा दिवसाचा रोज बुडतो.

हलगी कोणाच्या हातात देता हेही बघा. 'त्याच्या घरी वाजवतात' म्हणून दरवेळी त्याच मुलाला हलगी, आणि रांगोळी फक्त मुलींना, असं झालं तर गावातली जात आणि घरातली कामाची वाटणी तुम्ही वर्गात आणून बसवलीत. वाद्यं फिरती ठेवा. पण ज्याच्या घरी वाजवतात त्याला पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याच्या जागी बसवा. वर्गात मागे बसणाऱ्या मुलाला एकदा तरी तुमच्यापेक्षा जास्त येतंय हे सगळ्यांना दिसू द्या.

"यानं मार्क वाढतात का हो?"

पालक विचारणारच. उत्तर जपून द्या. हार्वर्ड विद्यापीठाच्या 'प्रोजेक्ट झीरो' या संशोधन गटातल्या एलन विनर आणि लोइस हेटलँड यांनी २००० मध्ये उपलब्ध संशोधनांचा मोठा आढावा घेतला. नुसत्या कला शिकल्याने इतर विषयांतले गुण वाढतात याला त्यांना भक्कम आधार मिळाला नाही. मात्र वर्गातल्या नाट्यीकरणाचा भाषेवर चांगला परिणाम दिसला. मोझार्ट ऐकवून मुलं हुशार होतात हे तर विसराच. १९९३ चा तो मूळ प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा होता आणि परिणाम काही मिनिटांचा. दुसरीकडे, बाल्टिमोरमध्ये मारिएल हार्डिमन आणि सहकाऱ्यांनी पाचवीचे विज्ञानाचे घटक कला गुंफून आणि न गुंफता शिकवून पाहिले. वाचनात मागे असलेल्या मुलांच्या लक्षात राहण्यात कला गुंफलेल्या पाठांचा फायदा ठळक दिसला. आपल्या वर्गांत वाचनात मागे असलेली मुलं किती आहेत हे तुम्हाला माहीत आहे. पालकांना एवढंच सांगा: "पाठ लक्षात राहायला मदत होते. मार्कांची हमी देत नाही."

पहिलं सत्र

जूनमध्ये काहीच करू नका, मुलांना ओळखा. जुलै ते दिवाळी महिन्याला एक पाठ, एकूण तीन-चार. त्यातला एक तालाचा, एक पेन्सिलीचा, एक स्टॅच्यूचा असू द्या, म्हणजे तुम्हाला काय झेपतं ते कळेल. तोच पाठ दुसऱ्या तुकडीवर किंवा पुढच्या वर्षी पुन्हा घ्या. नवनवीन शोधत बसण्यापेक्षा एकच पाठ दुसऱ्यांदा घेताना जास्त सुधारतो. केंद्रप्रमुखांना फोटो हवा असेल तर फळ्यावरच्या पिवळ्या-लाल गोलांचा द्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात, न सांगता, त्या पाठांवरचे चार-चार प्रश्न विचारा. ताटली नाही, फूल नाही, नुसते प्रश्न. ज्या पाठाचं काही शिल्लक असेल तो वहीत जपून ठेवा. ज्याचं काहीच उरलं नसेल तो पुढच्या वर्षी खडू-फळ्यानेच शिकवा.